फोनची बॅटरी आणि कुलूपबंद व्हिडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, बीड, परभणीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचे वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निम्मे प्रश्न बॅटरीचे, निम्मे क्लासच्या व्हिडिओंचे, ओटीटीचे आणि ई-पुस्तकांचे. दोन्ही एकाच पानावर ठेवले, कारण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली कोणाकडे राहते, हा सवाल दोन्हीकडे सारखाच आहे. सिनेमाला लावतात त्याच जातीचं कुलूप आता बॅटरीलाही लागू लागलं आहे (प्रश्न ६).

१. पूर्वी नखाने झाकण काढून बॅटरी बदलता यायची. आता फोन चिकटवून का देतात?

२००७ चा पहिला आयफोन बंद पाठीचा आला. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत २०१५ च्या एस ६ पासून झाकण गेलं, आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांनीही तेच केलं. कंपन्या तीन कारणं देतात: फोन पातळ होतो, पाणी आत जात नाही, काचेची पाठ बसवता येते. पहिल्यात तथ्य आहे. हातात घेऊन काढण्या-घालण्याच्या बॅटरीला कडक कवच लागतं आणि ते जागा खातं. आत चिकटवलेल्या बॅटरीला मऊ पिशवीसारखं पातळ वेष्टन पुरतं.

पाण्याचं कारण मात्र पुरतं पटत नाही. २०१४ चा गॅलेक्सी एस ५ आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडला तरी टिकणारा होता आणि त्याची बॅटरी हाताने निघायची. गॅलेक्सी एक्सकव्हर ७ आयपी ६८ आहे, त्याचीही निघते. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, जमवायची इच्छा हवी.

२. बॅटरी किती वर्षं टिकायला हवी? माझी दोन वर्षांतच उतरायला लागली.

वर्षांपेक्षा चक्रं मोजा. एकूण १०० टक्के चार्ज वापरला की एक चक्र झालं. आज ६० आणि उद्या ४० टक्के वापरले तरी ते एकच. साधारण लिथियम-आयन बॅटरी ५०० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. अलीकडच्या बऱ्याच फोनमध्ये हाच आकडा १००० चक्रांपर्यंत नेलेला आहे. रोज एक चक्र धरलं तर हिशेब तुम्हीच करा.

आपल्याकडे या हिशेबात ऊन धरावं लागतं. बहुतेक कंपन्या फोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगतात, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर जाणं नवं नाही. बॅटरीत ग्राफाइटच्या पट्टीवर एक पातळ थर आपोआप तयार होत असतो. उष्णतेत तो भराभर जाड होतो आणि कामाचं लिथियम त्यातच अडकून बसतं. ते परत मिळत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की नुकसान सगळ्यात जास्त. ट्रॅक्टरवर उन्हात चार्जिंगला लावलेला फोन, दुचाकीच्या होल्डरमध्ये दुपारभर मॅप चालू ठेवलेला फोन, उशीखाली रात्रभर लावलेला फोन, यांच्या बॅटऱ्या आधी जातात.

लोडशेडिंगमुळे वीज आली की फोन लावणं भाग असतं, ते चालेल. फक्त कव्हर काढा, फोन फरशीवर सावलीत ठेवा, आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती चालू करा.

३. फोनची पाठ फुगून वर आलीय, पण फोन चालू तर आहे. वापरू का?

नाही. आत वायू साचला आहे आणि तो जिरत नाही. चार्जिंग लगेच थांबवा, फोन बंद करा. फुगीर भागावर दाब देऊ नका. टाचणी टोचून हवा काढायचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. आतले थर एकमेकांना टेकले की क्षणात पेट घेतात. दुकान दूर असेल तर तोवर फोन कोरडी वाळू किंवा माती भरलेल्या भांड्यात, घरातल्या कपड्या-अंथरुणांपासून लांब ठेवा. डेटाची काळजी नंतर करता येते.

४. दुकानात ओरिजिनल, फर्स्ट कॉपी, लोकल असे तीन भाव सांगतात. कोणती घ्यावी?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची मिळत असेल तर ती. गाव लांब असेल किंवा मॉडेल जुनं असेल तर दुकानातली घ्यावी लागते, तेव्हा बॅटरी हातात घेऊन लेबल वाचा. भारतात लिथियम बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १६०४६ हे मानक आणि इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानातच उभं राहून तपासा, चांगला दुकानदार रागावत नाही.

मग गुणाकार करा. लेबलवर ५००० एमएएच आणि ३.८५ व्होल्ट असेल तर वॉट-तास १९.२५ च्या आसपास लिहिलेले हवेत. आकडे जुळत नसतील तर लेबल नुसतं छापून चिकटवलेलं आहे. मूळ बॅटरीच्याच आकारात दीडपट एमएएचचा दावा असेल तर ती घेऊ नका. नवी बॅटरी जुनीपेक्षा हाताला ठळकपणे हलकी लागली, तरीही.

संभाजीनगरच्या पैठण गेट परिसरात असो की तालुक्याच्या बसस्टँडसमोर, बिलावर मॉडेल, तारीख आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी वॉरंटीचा पुढे काही उपयोग होत नाही.

५. व्हिडिओ बघून घरी बदलता येईल का?

झाकण निघणारा फोन असेल तर अर्थातच. चिकटवलेल्या फोनचं काम कसं चालतं ते आधी समजून घ्या, मग ठरवा.

फोन बंद करायच्या आधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणतात, म्हणजे चुकून काही झालं तरी आत जळायला कमी ऊर्जा असते. पाठीच्या कडा हीट गनने किंवा गरम पॅडने कोमट करतात, पातळ प्लॅस्टिकचा ओपनर सरकवत गम सोडवतात. ओपनर खोल घातला तर बोटाच्या ठशाची पट्टी तुटते. बरेच फोन इथेच बिघडतात. मग स्क्रू, आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर. तो सुटेपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही. बॅटरीखाली ओढून काढायच्या पट्ट्या असतील तर त्या आडव्या, सावकाश ओढायच्या. तुटल्या किंवा नसल्याच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब कडेने सोडून गम मऊ होऊ द्यायचा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचं नाही. बॅटरी वाकली की ती कामातून गेली असं समजा, चालू असली तरी.

हे वाचून हात कचरत असेल तर कारागिराकडे द्या. समोर बसून काम करून घ्या, आणि फोनमध्ये मेंटेनन्स मोड असेल तर तो लावून द्या. त्यात फोटो आणि मेसेज झाकलेले राहतात, पासवर्ड सांगावा लागत नाही.

६. बॅटरी बदलल्यावर ‘अनोळखी पार्ट’ असा मेसेज येतो. दुकानदाराने फसवलं का?

तसंच असेल असं नाही. नोकियाच्या जुन्या फोनची बीएल-५सी बॅटरी आठवा. अजूनही एफएम रेडिओत आणि भजनाच्या छोट्या स्पीकरमध्ये ती सापडते. तिला तीन टोकं होती. प्लस, मायनस आणि तिसरं ओळखीचं, ज्याच्या आत एक साधा रेझिस्टर. फोन त्यावरून विचारायचा, ‘तू कोणत्या प्रकारची बॅटरी?’

आजच्या अनेक फोनमध्ये त्या जागी चिप आहे, आणि तिच्यात गुप्त किल्ली. फोन एक आकडा पाठवतो, चिप त्यावर किल्ली चालवून उत्तर देते, उत्तर जुळलं तर बॅटरी ओळखीची. आता प्रश्न असा झाला, ‘तू कोणाची?’ आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सआर आणि एक्सएसपासून पुढच्या मॉडेलांत कंपनीच्या पद्धतीने न जोडलेली बॅटरी घातली की हा मेसेज येतो. दुसऱ्या आयफोनमधून काढलेली अस्सल बॅटरी असली तरी येत असे. २०२४ च्या आयओएस १८ पासून काही मॉडेलांत अशा अस्सल सुट्या भागांना फोनवरूनच जोडून घेण्याची सोय झाली आहे.

बनावट बॅटरी ओळखायला ही चिप उपयोगी आहे, हे मी मान्य करतो. निकृष्ट बॅटरीने माणसं भाजली आहेत. पण सुरक्षित, नोंदणी असलेली दुसऱ्या कंपनीची बॅटरी आणि रद्दी माल यांत ती फरक करत नाही. दोघांनाही सारखंच परकं ठरवते. त्यामुळे तालुक्याच्या गावातला प्रामाणिक कारागीर गिऱ्हाइकापुढे चोर ठरतो, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

७. युरोपात बॅटरी बदलता येणारे फोन सक्तीचे होणार म्हणतात. आपल्याला काय मिळणार?

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः, साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. फोनसाठी यात एक मोठी पळवाट आहे. २० जून २०२५ पासून तिथे लागू झालेल्या फोन-टॅबलेटच्या वेगळ्या नियमांनुसार बॅटरी ५०० चक्रांनंतर ८३ टक्के आणि १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखत असेल, आणि फोन पाण्यातही टिकत असेल, तर ती कारागिराने बदलण्याजोगी असली तरी चालते. त्यामुळे २०२७ नंतर प्रत्येक फोनला नखाने निघणारं झाकण येईल अशी आशा ठेवू नका. त्याच नियमांत सुटे भाग बाजारात ठेवायचं बंधन आहे, आणि प्रत्यक्षात त्याचा उपयोग जास्त होईल.

आपल्याकडे अशी सक्ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती एकत्र मिळते. सर्व्हिस सेंटर टोलवत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा.

८. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकली तर चालेल का?

नको. कचरा दाबताना ती फुटते आणि पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कनेक्टरवर चिकटपट्टी लावून सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. फुगलेली असेल तर आधी प्रश्न ३ वाचा.

९. डीआरएम म्हणजे नेमकं काय? व्हिडिओ फोनमध्ये असूनही दुसऱ्याला पाठवता का येत नाही?

डीआरएम म्हणजे व्हिडिओ, गाणं किंवा पुस्तक कूटबद्ध करून, ते उघडायची किल्ली वेगळी ठेवायची पद्धत. तुम्ही डाउनलोड केलेली फाइल म्हणजे छोटे छोटे कूटबद्ध तुकडे. ते कोणालाही पाठवा, किल्लीशिवाय त्यांचा उपयोग नाही.

प्ले दाबलं की ॲप फोनमधल्या एका राखीव भागाला सांगतं. तो भाग फोनची स्वतःची, कारखान्यातच भरलेली ओळख वापरून सर्व्हरकडे परवाना मागतो. सर्व्हर बघतो की वर्गणी भरली आहे का, किती उपकरणं झाली, मुदत आहे का. मग व्हिडिओची किल्ली पाठवतो, तीही फक्त त्याच फोनला उघडेल अशी गुंडाळून. ॲन्ड्रॉइडवर हे काम गूगलचं वाइडवाइन करतं, ॲपलकडे फेअरप्ले, मायक्रोसॉफ्टकडे प्लेरेडी. परवान्यात अटी लिहिलेल्या असतात: किती दिवस चालेल, सुरू केल्यावर किती तासांत संपेल, टीव्हीवर जाईल की नाही. ४८ तासांत ‘एक्स्पायर’ होणारा डाउनलोड त्यामुळेच होतो. फाइल तिथेच असते, किल्ली संपलेली असते.

१०. स्क्रीनशॉट काळा येतो. मंडळात प्रोजेक्टर लावला तर आवाज येतो, चित्र नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही. संरक्षित व्हिडिओची चित्रं पडद्यापर्यंत वेगळ्या वाटेने जातात, स्क्रीनशॉट घेणाऱ्या प्रणालीला ती दिसतच नाहीत. केबलवर हेच काम एचडीसीपी नावाचं कुलूप करतं. प्रोजेक्टर किंवा मधला स्वस्त स्प्लिटर ते ओळखत नसेल तर चित्र थांबतं. आणि घरच्या वर्गणीवर चौकात सामना दाखवायची परवानगी मिळत नाही, त्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात.

११. फोन दुरुस्त करून आणल्यापासून सिनेमा अंधुक दिसतो. बॅटरीमुळे झालं का?

बॅटरीचा याच्याशी संबंध नाही. वाइडवाइनचे स्तर आहेत: एल १ मध्ये सगळं उलगडणं प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात होतं, एल ३ मध्ये साध्या सॉफ्टवेअरमध्ये. एल ३ वर बऱ्याच सेवा ४८० ओळींपुरतंच चित्र देतात. मदरबोर्ड बदलला, फोनमधली मूळ ओळख पुसली गेली किंवा बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) उघडला तर काही फोन एल १ वरून एल ३ वर घसरतात. ‘डीआरएम इन्फो’ नावाच्या ॲपमध्ये स्तर दिसतो. दुरुस्तीला देण्याआधी तो पाहून ठेवा. नंतर वाद घालायला तेवढा पुरावा लागतो.

१२. बॅटरी बदलून फोन चालू केला तर क्लासचे सगळे डाउनलोड ‘लायसन्स एक्स्पायर्ड’ दाखवतात. परत पैसे भरावे लागतील?

बहुतेक नाही. आधी तारीख बघा. बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली की काही फोनचं घड्याळ अनेक वर्षं मागे जातं, कधी थेट १ जानेवारी १९७० वर. परवान्याला मुदत असते आणि ॲप घड्याळावर चालतं. तारीख वेडीवाकडी दिसली की ते कुलूप उघडत नाही, इंटरनेटची सुरक्षित जोडणीही नाकारली जाते. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, नेट चालू करा, फोन एकदा रीस्टार्ट करून ॲप उघडा. डाउनलोड लगेच डिलीट करू नका. फॅक्टरी रीसेट तर करूच नका, त्याने परवाने खरोखर जातात.

१३. मुलीसाठी नीटचा पेनड्राइव्ह कोर्स घेतला. लॅपटॉप बंद पडला, आता दुसऱ्यावर चालत नाही. काय करावं?

लातूरमधून हा प्रश्न सारखा येतो. असे कोर्स पहिल्यांदा ज्या यंत्रावर सुरू केले त्याच्याशी बांधले जातात. प्लेअर त्या यंत्राच्या भागांवरून एक खूण तयार करतो आणि परवाना त्या खुणेवर देतो. लॅपटॉपची बॅटरी किंवा चार्जर बदलल्याने ती सहसा बदलत नाही. मदरबोर्ड किंवा हार्डडिस्क बदलली की बदलते. क्लासकडे लेखी मागणी करा की जुनं यंत्र काढून नवं जोडून द्या. दुरुस्तीची पावती सोबत जोडा. ते नाकारत असतील तर प्रश्न ७ मधला मार्ग आहे.

नवा कोर्स घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: किती यंत्रं, प्रत्येक व्हिडिओ किती वेळा बघता येईल, मुदत कोणत्या तारखेपर्यंत, यंत्र बिघडलं तर बदलून मिळेल का. सोयाबीन विकून फी भरलेली असते. लेकराचं वर्ष एका मदरबोर्डमुळे अडू नये, एवढी व्यवस्था क्लासने करायलाच हवी.

१४. ‘बाय’ बटण दाबून घेतलेलं ई-पुस्तक माझंच ना?

कायद्याच्या भाषेत तुम्ही बहुतेक वेळा वाचायचा परवाना घेतलेला असतो. २००९ मध्ये अमेझॉनने हक्कांच्या वादात विकलेली काही पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली आणि पैसे परत केले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली; तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा माल विकताना हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही तसं व्हायला हवं.

महिन्याच्या वर्गणीला कुलूप असावं, हे मला पटतं. भाड्याच्या खोलीची किल्ली मालकाकडेही असतेच. पण पूर्ण किंमत घेऊन ‘विकलं’ म्हणायचं आणि किल्ली स्वतःकडे ठेवायची, हे चुकीचं आहे.

कुलूप नसलेलं मराठी वाचन हवं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची पुस्तकं, मराठी विकिस्रोत आणि ई साहित्य प्रतिष्ठान पाहा. त्या फाइली पाच फोन बदलले तरी उघडतात.

१५. असं कुलूप तोडणं गुन्हा आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली कलम ६५ए आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे हेतू महत्त्वाचा आहे, आणि कायद्याने ज्या कामाला स्पष्ट मनाई नाही त्यासाठी पोटकलमात सूट आहे. अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने मात्र त्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि तपशील यांची नोंद ठेवायची असते. सिनेमा फोडून ग्रुपवर टाकणं या सुटीत बसत नाही. दुकानात बॅटरी बदलणं म्हणजे कोणाच्या कलाकृतीची प्रत काढणं नव्हे, तेव्हा त्या कारणाने कारागिरांनी घाबरू नये. वॉरंटी हा निराळा मुद्दा आहे, तो कार्डावर वाचा.

१६. माझा भाऊ दृष्टिहीन आहे. विकत घेतलेलं कुलूपबंद पुस्तक त्याचा स्क्रीन रीडर वाचत नाही. त्याच्यासाठी ते वेगळ्या स्वरूपात करून घेता येईल का?

होय. याच कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी) नुसार अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करणं आणि ती त्या व्यक्तीच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देणं हा भंग ठरत नाही. संस्था हे काम नफा न घेता करू शकतात. दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वात आधी मान्यता देणारा देश भारतच होता.

व्यवहारात आधी प्रकाशकाला पत्र लिहा, बरेच जण साधी फाइल देतात. मग २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व भावाच्या नावाने घ्या. तिथे भारतीय भाषांतली पुस्तकं सुलभ स्वरूपात मिळतात. दोन्हीकडे नाही मिळालं तर छापील प्रत स्कॅन करून अक्षरओळख करणाऱ्या ॲपने मजकूर तयार करा. त्यात कुलूप तोडायची वेळच येत नाही. ही प्रत मात्र त्याच्याच वापरासाठी ठेवा, क्लासच्या ग्रुपवर टाकू नका.